‘पीस टॉक्स’ : सहा वर्षं वाट पाहिली आणि हातात अर्धं पुस्तक

अर्धाकप (धागाकर्ती)

स्पॉयलर अलर्ट. ड्रेस्डेन फाइल्समधलं सोळावं आणि सतरावं पुस्तक ज्यांचं राहिलंय त्यांनी इथूनच मागे फिरा. खाली सगळं फोडलंय, कोण मरतं तेही.

अठरावं, ‘ट्वेल्व्ह मंथ्स’, २०२६ च्या जानेवारीत आलं. ते उघडण्याआधी मागचा धागा हातात यावा म्हणून सोळावं, ‘पीस टॉक्स’, पुन्हा काढलं आणि तेव्हाची चिडचिड जशीच्या तशी परत आली. तेव्हा मी दोष स्वतःलाच दिला होता. पुस्तक आलं १४ जुलै २०२० ला, आणि पुण्यात नेमका त्याच दिवशी दहा दिवसांचा कडक लॉकडाउन लागला. सुरुवातीला तर दूध नि औषधं सोडून फारसं काही मिळतच नव्हतं. किंडलवर पुस्तक उतरलं तेव्हा मी आदल्या दिवशी रांगेत उभी राहून आणलेले पाच किलो बटाटे धुऊन वर्तमानपत्रावर पसरत होते. म्हटलं चला, बटाटे आहेत, हॅरी आहे, दहा दिवस निघतील. हॅरी दीड दिवसात संपला. बटाटे पुरले.

ज्यांना मालिका माहीतच नाही त्यांच्यासाठी: हॅरी ड्रेस्डेन हा आजच्या शिकागोतला जादूगार. फोनबुकात ‘विझर्ड’ म्हणून नाव देऊन बसलेला, कायम कडका, जवळ गेला की कॉम्प्युटर बंद पाडणारा. पहिलं पुस्तक २००० चं. पंधरावं, ‘स्किन गेम’, मे २०१४ चं. मग सहा वर्षं काही नाही. म्हणजे लेखक जिम बुचर यांनी २०१५ मध्ये दुसरीच मालिका सुरू केली आणि २०१८ मध्ये ड्रेस्डेनच्या कथांचा एक संग्रह दिला, पण तो म्हणजे उपासाला शेंगदाणे. जीव जात नाही, पोटही भरत नाही.

आणि मग ‘पीस टॉक्स’. मांडामांड काय आहे बघा! फोमोर नावाची समुद्रातली टोळी शांततेची बोलणी करायला येणार. सगळ्या अमानवी सत्ता एका छताखाली, यजमान कोण तर गुंडांचा राजा मार्कोन. त्यात हॅरीचा भाऊ थॉमस (आई एक, बाप वेगळे, थॉमस अर्धा व्हँपायर नव्हे, पुरता) स्वार्टाल्फांच्या (हे जादुई कारागीर, एल्फ जमातीतले) राजावर खुनी हल्ला करतो आणि पकडला जातो. का केला, कुणालाच माहीत नाही. आजोबा एबेनेझर व्हँपायर म्हटलं की डोक्यात राख घालणारा, आणि थॉमस आपला नातू आहे याचा त्याला पत्ताच नाही.

एवढं सगळं शिजायला टाकलंय. आता वाढा! तर नाही. पाहुणे जमतात, मेजवानी होते, हॅरी थॉमसला पळवतो, मधेच एथ्निऊ नावाची टायटन बाई (टायटन म्हणजे पुराणकाळातली महाकाय देवता) येऊन हिवाळी परींची राणी, साक्षात मॅब, हिला भिंतीआरपार भिरकावते आणि शहर संपवते म्हणून सांगून जाते. आजोबा-नातवाची मारामारी होते. पुस्तक संपलं. वाटाघाटींचं पहिलं वाक्यसुद्धा कुणी बोलत नाही हो! लग्नाच्या पत्रिकेवर मुहूर्त छापलाय आणि अंतरपाट धरायच्या आधीच हॉल रिकामा.

बरं, ज्या घरगुती भांडणावर अर्धं पुस्तक उभं आहे ते एका वाक्याने सुटण्यासारखं. ‘आजोबा, थॉमस तुमचा नातू आहे.’ हे हॅरी बोलतो कधी, तर दोघं एकमेकांच्या जिवावर उठल्यानंतर. पंधरा पुस्तकं जो माणूस तोंड बंद ठेवू शकला नाही, त्याला नेमकं इथे मौन?

तुम्हाला कसं वाटलं? की मीच खडूस झालेय?

बोकोबा

+१. आणि त्या शिंका! हॅरीला जादूची सर्दी होते, शिंकला की हवेतून काहीही वस्तू टपकते. पहिल्यांदा हसलो. तिसऱ्यांदा मलाच शिंक येईल असं वाटलं.

(आयडी कुठून आला हे चाणाक्षांना कळलं असेलच. तीस पौंडांचा मिस्टर बोका हा या मालिकेतला एकमेव समजूतदार जीव आहे.)

खवट

मला कळत नाही लोक सहा वर्षांनंतरही हे रडगाणं का गातात. मूळ हस्तलिखित एकच होतं, फार मोठं झालं म्हणून दोन केलं, हे लेखकाने स्वतः सांगितलंय. दुसरा भाग, ‘बॅटल ग्राउंड’, २९ सप्टेंबरला आला. मोजा, बरोबर अकरा आठवडे. सहा वर्षं थांबलात, अकरा आठवडे जड झाले? दोन्ही सलग वाचा, एक पुस्तक म्हणून. वरण वाढल्या वाढल्या ‘भात कुठाय’ म्हणून पानावरून उठणाऱ्यांना स्वयंपाक कळत नाही.

अर्धाकप

@खवट, भात सप्टेंबरात वाढणार आणि त्याचे पैसे वेगळे घेणार हे वाढपी आधी सांगतो का? बरं सांगितलं, मान्य. दोन भाग करण्याबद्दल माझी तक्रार नाहीच. दिवाळी अंक आणि साप्ताहिकांवर वाढलेली माणसं आपण, ‘क्रमशः’ला कोण घाबरतंय? पण क्रमशः लिहिणाऱ्याला माहीत असतं की आज वाचकाच्या हातात काहीतरी पडायला हवं. एक गाठ सुटावी, दुसरी बसावी. इथे सुरी कुठे चालवली, तर पानं मोजून जिथे अर्धं झालं तिथे. ‘पीस टॉक्स’मध्ये जेवढं सुरू होतं त्यातलं काहीही संपत नाही. थॉमसने हल्ला का केला? पुढच्या भागात. फोमोरला हवंय काय? पुढच्या भागात.

रात्रीचा_वॉचमन

माझं मत थोडं वेगळं पडेल, कारण मी ही मालिका वाचलेली नाही, ऐकली आहे. सर्व्हर रूममध्ये रात्रपाळी असायची तेव्हा कानात जेम्स मार्स्टर्सचा आवाज. (सर्व्हरच्या शेजारी बसून जवळ येईल ते यंत्र बंद पाडणाऱ्या माणसाची गोष्ट ऐकण्यात वेगळीच गंमत आहे. एकदा खरंच अख्खी रॅक बसली तेव्हा मी पहिल्यांदा हेडफोन काढून बाजूला ठेवला.)

ऐकताना ‘पीस टॉक्स’ एवढं वाईट वाटत नाही. मार्स्टर्स शिंका इतक्या मन लावून देतो की बोकोबांची तक्रार तिथे लागू होत नाही. पण एक गोष्ट ऐकताना जास्त खुपली. आधीच्या पुस्तकांत हॅरी प्रकरण हाती घेतो, दारं ठोठावतो, मार खातो, एकेक दुवा जुळवतो. मुळात ही खासगी डिटेक्टिव्हची गोष्ट आहे, जादू नंतर. ‘पीस टॉक्स’मध्ये सख्ख्या भावाने खुनी हल्ला का केला हा प्रश्न समोर पडलाय आणि हॅरी त्याचा तपासच करत नाही! एक दुपारसुद्धा नाही. थॉमसला सोडवायचं कसं याचीच धावपळ. माझ्या मते खड्डा इथे आहे, पुस्तक दोन भागांत कापण्यात नाही.

अर्धाकप

@रात्रीचा_वॉचमन, हे नेमकं बोट ठेवलंत. मला नुसतं ‘काहीतरी नाहीये’ एवढंच वाटत होतं.

नेपरव्हिलकर

धागा वर दिसला म्हणून थांबलो, नाहीतर मी इथे फक्त पाककृती वाचतो.

मी शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलला राहतो, आणि या मालिकेतली निम्मी पुस्तकं मी मेट्राच्या लोकलमध्ये, युनियन स्टेशनला जाता-येता वाचली. इथल्यांना या पुस्तकांतल्या भूगोलाच्या चुका काढण्याचा मोठा छंद आहे. लेखक इथला नाहीच, मिसूरीचा. त्याला म्हणे गोष्ट कॅन्सस सिटीत घडवायची होती, पण लेखन शिकवणाऱ्या बाईंनी ते खोडून काढलं आणि वर्गातल्या पृथ्वीगोलावर नावं असलेल्या मोजक्या अमेरिकन शहरांतून त्याने शिकागो उचललं. पहिलं पुस्तकही त्याने बाईंना धडा शिकवायला लिहिलं होतं: तुमचे सगळे नियम पाळून लिहितो, बघा किती भिकार होतं ते! ते जमून गेलं.

चुका असूनही त्या पुस्तकांत शिकागो होतं. ‘डेड बीट’ आठवा. हॅलोविनची रात्र, पाऊस, फील्ड म्युझियममधला टी-रेक्सचा सांगाडा हॅरी जिवंत करतो आणि त्यावर बसून शहरातून निघतो. मागे त्याचा दोस्त, बिचारा बटर्स, ताल धरायला ढोल बडवतोय. त्या सांगाड्याचं नाव स्यू, आणि ती खरी आहे. १९९० मध्ये साउथ डकोटात सापडली, म्युझियमने १९९७ मध्ये लिलावात ८३ लाख ६० हजार डॉलरला घेतली. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतोच. माझ्या मेव्हण्याला तिच्यासमोर उभं करून मी ते अख्खं प्रकरण हातवारे करून सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘भावजी, भूक लागलीय.’

२०१८ मध्ये स्यूला मुख्य दालनातून हलवलं, वरच्या मजल्यावर तिची स्वतंत्र खोली केली. तिच्या जागी आता टायटनोसॉर उभा आहे. आकाराने भलताच मोठा, लांबच लांब मान, आणि आहे तो साचा, खरी हाडं नाहीत. ‘पीस टॉक्स’ वाचताना मला नेमकं तेच वाटलं. स्यू गेली, टायटन आली.

‘पीस टॉक्स’मध्ये शहर कुठे आहे सांगा. सुरुवातीला किनाऱ्यावर पळणं, मग हॅरीचं बिऱ्हाड, मार्कोनची गढी, शेवटी धक्का आणि बेट. बरेचसे प्रसंग बंद खोल्यांत. एक टॅक्सीवाला नाही, एक भुकेला पोलीस नाही, एक बर्फात अडकलेली गल्ली नाही. आणि पुढच्या पुस्तकात हेच शहर मोडायचं आणि आपण हळहळायचं! ज्या घरात आपल्याला दारातूनच परत पाठवलं ते जळलं तर वाईट वाटतं, पण परक्याचं जळल्यासारखं.

बोकोबा

‘स्यू गेली, टायटन आली’ला साष्टांग दंडवत. मेव्हण्यालाही.

माई_मुलुंड

मी सत्तरीला टेकलेय. लेकाने वाचायला दिली म्हणून ही मालिका सुरू केली, आता तो मागे आहे आणि मी पुढे.

दोन गोष्टी सांगते. एक, ती लारा, थॉमसची व्हँपायर बहीण. बाई दारातून आत आली की दीड परिच्छेद तिच्या अंगकाठीवर खर्च. पुढच्या प्रसंगात पुन्हा आली, पुन्हा दीड परिच्छेद. अरे, आत्ता तर सांगितलंस! पहिल्या पुस्तकांत हॅरी पोरसवदा होता, मी म्हटलं होईल शहाणा. आता घरात दहा वर्षांची मुलगी आहे त्याच्या. गोष्ट पुढे गेली आणि नजर तिथेच राहिली.

दुसरी गोष्ट मर्फी, हॅरीची पहिल्या पुस्तकापासूनची पोलीस मैत्रीण. तुम्ही सगळे टायटन आणि वाटाघाटी बोलताय, पण माझ्यासाठी ‘पीस टॉक्स’ म्हणजे मर्फी. ‘स्किन गेम’मध्ये तिला जबर मार बसतो, इथे ती प्लास्टर घेऊन वावरतेय, पोलिसातली नोकरी केव्हाच गेलेली, आणि तरीही ही बाई थॉमसला सोडवायला निघते. माझं त्याच वर्षी फेब्रुवारीत गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मार्चमध्ये फिजिओथेरपीवाली मुलगी येणं बंद झालं. मी खुर्चीच्या पाठीला धरून घरातल्या घरात फेऱ्या मारायचे, आणि संडासातून उठताना दर वेळी ‘आई गं’. त्या दिवसांत हे पुस्तक हाती आलं. हॅरी तिला सांभाळायला जातो आणि ती त्याला झापते, ते मी दोनदा वाचलं. माझ्या घरातही तेच चाललं होतं. ते दोघं एकत्र आलेत, त्यासाठी आपण पंधरा पुस्तकं थांबलो, आणि ते थोडे प्रसंग फार नीट लिहिलेत. पुस्तक फसलं असेल, तेवढं मात्र फसलेलं नाही.

म्हणून तर सप्टेंबरात राग आला. रॉकेट लाँचरने राक्षस पाडते ती, एकटी, मोडक्या हाडांनिशी. आणि मग तो बावळट पोलीस रुडॉल्फ घाबरून बंदुकीचा घोडा ओढतो. चुकून! मी पुस्तक मिटलं आणि लेकाला फोन केला. रात्रीचे अकरा वाजले होते, त्याला वाटलं मी पडले.

खवट

माई, मृत्यू असाच येतो. शत्रूच्या हातून वीरमरण आलं असतं तर सिनेमा झाला असता. फडतूस माणसाच्या हातून, काही कारण नसताना. मला ते धाडसी वाटलं.

माई_मुलुंड

असाच येतो हे मला नका सांगू, मी या वयात पुष्कळ पाहिलेत. माझी तक्रार त्यानंतरची आहे. ती गेल्यावर हॅरी रुडॉल्फच्या मागे धावतो, बटर्स आणि सान्या हे दोस्त त्याला आवरतात, इथवर ठीक. पण लढाई चालू आहे म्हणून लगेच पुढचं ढिशुम. रडायला उसंतच नाही, त्यालाही आणि मलाही. आणि पुस्तक संपायच्या आत मॅब त्याचं लग्न लारा बाईंशी ठरवून मोकळी! तेराव्याच्या आधी स्थळ घेऊन येणारी आत्या असते ना, ती.

रात्रीचा_वॉचमन

मॅब = आत्या. आता पुढच्या पुस्तकात मला तिचा आवाज आमच्या चिंचवडच्या आत्याचाच ऐकू येणार.

भुरभुर

मी नवीन आहे, मधे बोलतेय त्याबद्दल सॉरी. मी फक्त पहिलं वाचलं, ठीकठाक वाटलं. सोडून देऊ का? सगळे म्हणताय सोळावं वाईट आहे, मग पंधरा पुस्तकं वाचून तिथे पोचायचंच कशाला?

बोकोबा

@भुरभुर, सोडू नका! पहिली दोन लेखकाने पोरवयात लिहिलेली आहेत, कच्ची आहेत. तिसऱ्यापासून रंग चढतो, चौथं ‘समर नाइट’ वाचा आणि मग सांगा. सातव्यात स्यू भेटेल. बाराव्यात, ‘चेंजेस’मध्ये, लेखक हॅरीचं घर, ऑफिस, गाडी सगळं एकामागून एक काढून घेतो आणि शेवटच्या पानावर हॅरीलाच गोळी घालतो. ते २०१० मध्ये वाचून मी दोन दिवस घरात कुणाशी नीट बोललो नव्हतो. बायकोला वाटलं नोकरी गेली.

नेपरव्हिलकर

+१. आणि ‘चेंजेस’ हेही अर्धवट संपतं बरं का, नायक पाण्यात पडलेला! त्यावर कुणी ‘अर्धं पुस्तक’ म्हणून ओरडलं नाही. कारण मुलीला सोडवायला निघालेला बाप तिला सोडवतो, त्याची जबर किंमत देतो, मग गोळी. गोष्ट पूर्ण झाली होती, मग मजला कोसळला.

खवट

बरं. एवढे सगळे एका बाजूला झालेत तर एक पुरावा मांडतो. अर्धाकपताई, तुमच्याकडे पुस्तक उघडंच आहे ना? बेटावरचा प्रसंग काढा. थॉमसला मारून मारून अर्धमेला केलाय, जबडा मोडलाय, बोलता येत नाही. त्याला जिवंत ठेवायचं तर बेटाच्या तुरुंगात स्फटिकात बंद करणं एवढाच उपाय. बंद होण्याआधी तो एकच शब्द कसाबसा उच्चारायचा प्रयत्न करतो. जस्टीन. त्याची गरोदर प्रेयसी. हॅरीला वाटतं, ‘तिची काळजी घे’ म्हणतोय. आपल्यालाही तेच वाटतं. ‘बॅटल ग्राउंड’च्या शेवटी कळतं की जस्टीनच्या आत भलतंच कुणीतरी शिरलेलं आहे आणि हल्ला तिच्यामुळे झाला. भाऊ शेवटच्या श्वासावर गुन्हेगाराचं नाव सांगत होता आणि सगळ्यांना ते नुसतं निरोप घेणं वाटलं.

हे असं दूरवर पेरून उगवून दाखवणाऱ्या माणसाला तुम्ही पानं मोजून सुरी चालवली म्हणता?

अर्धाकप

दोन दिवस गायब होते, घरात पाणी नव्हतं. (टँकर या विषयावर स्वतंत्र धागा निघेल.)

@खवट, काढला तो प्रसंग. बाल्कनीत बसून परत वाचला. हॅरी त्याला शब्द देतो की मी बघेन तिच्याकडे. आता सगळं माहीत असताना ते वाक्य वाचवत नाही हो. भाऊ ओरडून सांगतोय आणि हा प्रेमाने भलतंच ऐकतोय. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

पण आता वॉचमन म्हणाले ते याला जोडून बघा. हॅरीने एक दुपार तपास केला असता, जस्टीनला चार आडवेतिडवे प्रश्न विचारले असते आणि तिने ते सफाईने टोलवले असते, तर हाच शब्द मला २०२० च्या जुलैतच टोचत राहिला असता. काहीतरी चुकतंय, काहीतरी चुकतंय, असं करत मी ते अकरा आठवडे काढले असते. तसं झालं नाही. मी तो शब्द वाचला, ‘हो बाबा, काळजी घेतील’ म्हटलं आणि बटाटे उकडायला गेले.

खवट

म्हणजे चांगलं पेरलंय हे मान्य?

अर्धाकप

अर्धं.

माई_मुलुंड

आयडीला जागलीस गं पोरी.

भुरभुर

मी ‘समर नाइट’ मागवलं!! पण आता डोक्यात आलं की या धाग्यावर मी कोण मरतं, कुणाचं लग्न ठरतं, जस्टीनचं काय, सगळं वाचून बसलेय. आता काय करू?

माई_मुलुंड

काही नाही करायचं. तिथपर्यंत पोचायला अजून तेरा पुस्तकं आहेत. माझ्या वयाची असतीस तर सहाव्यापर्यंतच विसरली असतीस.